दुसऱ्या फोटोची गरज नाही

त्याला सगळे झेरॉक्सच म्हणायचे; कागद हातात घ्यायचा तो नेहमी कडांनी, जणू मधला भाग ओला आहे. काचेवर ठेवण्याआधी एक फुंकर, मग झाकण, मग बटण. कॉपी बाहेर आली की मूळ कागदाशी कोपऱ्याला कोपरा जुळवून दोन्ही एकदम हातात द्यायचा. अर्ज असेल तर सही जिथे करायची तिथे पेन्सिलने बारीकशी फुली मारलेली असायची. वस्तीत निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, त्यांना ती फुली पुरायची. मला वाचता येतं, तरी माझ्याही अर्जावर असायचीच. मी एकदा विचारलं, "मला कशाला रे?" तर म्हणाला, "नेते, तू रागात सही करतोस. रागात माणूस कुठेही करतो."

मला 'नेते' म्हणायचा तो चिडवायला. बाकी कोणी म्हटलं असतं तर मी कानाखाली काढला असता.

आमची जुनी वस्ती पाडली तेव्हा आम्ही दोघं एकाच ट्रकमधून इथे आलो. सगळ्यांनी मांडीवर पोरं घेतली होती, हंडे घेतले होते, याने मशीन घेतलं होतं. गोधडीत गुंडाळलेलं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मागच्या ट्रकमध्ये भांड्यांवर बसून आली आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य बोलली, "आली का सवत सुखरूप?" नव्या जागी लोकांनी आधी चूल मांडली. याने आधी मशीन मांडलं. वस्तीच्या तोंडाशी साडेचार फूट रुंद टपरी, आत तिसऱ्या हाताचं मशीन, एक जुना कॉम्प्युटर, पासपोर्ट फोटोसाठी मागे खिळ्यावर टांगलेली पांढरी चादर. विधवा बायका, आजारी माणसं, ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलंय असे, यांच्याकडून त्याने कधी पैसे घेतले नाहीत. हे मी त्याच्या बाजूने लिहितोय आणि खरं आहे म्हणून लिहितोय. पुढे जे येणार आहे तेही तितकंच खरं आहे.

मी कायदा शिकलो तो नोटिशी वाचून. आमच्यावरच बजावलेल्या. एका नोटिशीत पाच कलमं असायची, ती पाच मी शोधून वाचायचो, त्यात आणखी दहांचा उल्लेख निघायचा. अशी सहा वर्षं. अर्ज मी तोंडाने सांगायचो, झेरॉक्स टाइप करायचा आणि माझ्या शिव्या गाळायचा. ऑफिसात लोक म्हणायचे, तुमचे अर्ज वकिलासारखे असतात. ते निम्मे त्याचे असायचे, आणि हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

तर गोष्ट अशी की ही वस्तीही पाडायची ठरली. या वेळी मात्र पर्यायी घरं मिळणार होती, पक्की, संडास आतमध्ये असलेली. अट एकच. सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधी तुमचं घर या जागेवर उभं असलं पाहिजे. आम्ही आलो ते त्या तारखेच्या अकरा महिने आधी. घरं होती, सगळी एक्क्याऐंशी. पण आमच्या प्रत्येक कागदावर पत्ता जुन्या वस्तीचा. माणूस नव्या जागी आला तरी त्याचा पत्ता मागून चालत येतो, दोन-दोन वर्षांनी पोचतो. सुनावणी अधिकाऱ्याला कागद पाहिजे होता आणि आमचे कागद आम्हालाच खोटं पाडत होते.

उपग्रहाचं मला एका मोर्चात कळलं. दुसऱ्या शहरातल्या एका कार्यकर्त्याने सांगितलं, आकाशातून जमिनीचे फोटो निघतात, ते कंपन्या साठवून ठेवतात आणि जुने फोटो कोणालाही विकतात. त्यांनी असा फोटो लावून दीडशे घरं वाचवली होती. मी परत आलो तो थेट टपरीवर. झेरॉक्सने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "म्हणजे वरून झेरॉक्स." त्याच दिवसापासून मागे लागला. तीन दिवसांनी त्याने असे फोटो विकणाऱ्या एका कंपनीतली एक मुलगी फोनवर गाठली. बोलायला गोड होती आणि एकाच प्रश्नाला तीनदा उत्तर देऊनही वैतागत नव्हती. आम्ही सगळे तिला 'कंपनीवाली' म्हणायचो, जणू सोयरीक झालीय.

तिच्याकडून कळलं ते झेरॉक्सने वस्तीच्या कमिटीला समजावलं. उपग्रह रोज आपल्यावरून जात नाही. गेला तरी रोज आपला फोटो काढत नाही. जुन्या तारखेचा पाहिजे तर मागून मिळत नाही, साठ्यात असेल त्यातलाच घ्यायचा. आणि पंचवीस चौरस किलोमीटरच्या खाली विकतच नाहीत.

"म्हणजे अख्ख्या शहराची छपरं विकत घ्यायची आणि आपली तेवढी बघायची?" बटणवाल्या मावशीने विचारलं. मावशी कारखान्याच्या शर्टांना घरी बसून बटणं लावते, सत्तरीला आली आहे आणि कमिटीत सगळ्यात आधी येऊन बसते.

"तसंच," झेरॉक्स म्हणाला.

"मग बाकीच्या शहराकडून वर्गणी घ्या की."

सगळे हसले. मीही हसलो. त्या बैठका चांगल्या असायच्या.

आता भिंतीवरच्या नकाशाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावर फिरलं. वस्तीत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी प्लायवूडच्या एका तक्त्यावर ऑइलपेंटने वस्तीचा नकाशा रंगवला होता. नाल्याकडे पाठ करून उभा राहिलो, समोर पाण्याची टाकी दिसत होती, ती वर काढली. टाकीकडची आळी वर, एक ते छत्तीस नंबर. नाल्याकडची आळी खाली, सदतीस ते एक्क्याऐंशी. मधे बोळ. तो तक्ता कमिटीच्या खोलीत लागला आणि सगळी वस्ती त्याच्यावरूनच वस्ती शिकली. पोरं पत्ता सांगताना म्हणायची, वरून सातवं घर. ते वरून सातवं म्हणजे झेरॉक्सचं. माझं खाली, नाल्याला लागून, अठ्ठावन्न. नकाशा मला कोणी शिकवला नव्हता, म्हणून मला त्याचा अभिमान होता, आणि म्हणूनच उत्तर दिशा कुठे आहे हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सूर्य रोज माझ्या नकाशाच्या डाव्या हाताला उगवत होता आणि आम्हाला काही वाटत नव्हतं.

एका दुपारी झेरॉक्स बैठकीत उभा राहिला. म्हणाला, "कंपनीवालीचा मेल आलाय. तारखेच्या आधीच्या अकरा महिन्यांत कामाचा असा एकच फोटो आहे. थोडा ढग आहे म्हणते, पण चालण्यासारखा आहे. तो आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितलाय."

वेल्डर बसल्या जागेवरून म्हणाला, "एकच? अकरा महिन्यांत एकच कसा?"

वेल्डर टाकीकडच्या आळीत, अगदी टोकाला, छत्तीस नंबरला राहायचा. कमी बोलणारा माणूस. डोळे कायम लाल, ठिणग्यांनी. त्याचा एक भाचा इंजिनिअरिंगला होता. म्हणाला, "भाच्याला एकदा बघायला सांगू का? दोघांनी बघितलेलं बरं."

आणि मी उसळलो. का उसळलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. झेरॉक्स माझा माणूस होता म्हणून, आणि इंजिनिअर शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं म्हणूनही. मी म्हणालो, "भाच्याने कधी एक अर्ज तरी लिहिलाय का आपल्यासाठी? सहा वर्षं हा माणूस आपले कागद सांभाळतोय. त्याच्यावर विश्वास नसेल तर तू तुझा वेगळा उपग्रह सोड."

लोक हसले. वेल्डरने भाच्याचं नाव पुन्हा काढलं नाही. झेरॉक्स माझ्याकडे बघत नव्हता. तो चष्मा पुसत होता. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

पैसे जमायला दीड महिना लागला. एका फोटोपुरते जमले तेव्हा सुनावणीला नऊ दिवस उरले होते. पैसे भरले, झेरॉक्सच्या नावाने खातं, त्याच्याच नावाने परवाना, त्याच्या ओळखपत्राची तपासणी, यात आठ दिवस गेले. फोटो आला तो सुनावणीच्या आदल्या दुपारी. फाइल इतकी मोठी की कॉम्प्युटर गरम होऊन घरघरायला लागला. झेरॉक्सने टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. टपरीत तो, मी आणि मावशी, दाराशी वेल्डर, आणि मागे पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकलेली.

आधी नुसता करडा रंग. मग रस्ते, धाग्यांसारखे. झेरॉक्स माउस सरकवत सरकवत वस्तीवर आला आणि जवळ गेला.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बघितल्या आहेत. स्वतःचं घर वरून बघितलं नव्हतं. छपरांच्या चौकोनी टिकल्या, एकाला एक लागून, काही गंजलेल्या, काही चकचकीत. अर्धी वस्ती अशी लख्ख. उरलेल्या अर्ध्यावर पांढरा ढग, कापूस पिंजून ठेवावा तसा. वरचा भाग लख्ख होता आणि खालचा ढगाखाली.

खालची म्हणजे आमची आळी. मागे कोणीतरी श्वास ओढला.

झेरॉक्स मात्र शांत होता. त्याने बोट स्क्रीनला न लावता वरच्या ओळीवर धरलं. "ही टाकीकडची. स्पष्ट आलीय. एक, दोन, तीन..." मोजत मोजत तो सातव्यावर थांबला. "ढगाचं काय, आपल्या हातात थोडंच असतं. नाल्याकडच्यांसाठी आपण काहीतरी बघू."

मावशी पुढे झाली. डोळे बारीक करून तिने स्क्रीनकडे बघितलं, तेच डोळे, जे दिवसाला हजार बटणांची भोकं शोधतात. "हे निळं काय आहे?"

"पिंप असेल कोणाचं तरी."

"कोणाचं तरी नाही. माझं आहे. छपरावर निळं पिंप वस्तीत माझं एकटीचं. बाजूला विटा ठेवल्यात बघ, चार. हे माझं घर आहे."

"मावशी, तुझं घर खाली. ढगाखाली."

"माझ्या घराला मी ओळखत नाही का रे?"

तेव्हा मी नीट बघितलं. ढगाच्या खालच्या कडेतून एक गोल झाकण अर्धं बाहेर आलेलं होतं, आणि त्याची लांब सावली. नाण्यासारखं गोल. मी म्हणालो, "ही टाकी आहे."

"टाकी वर असते," झेरॉक्स म्हणाला.

"इथे खाली आहे."

"टाकी वर असते, नेते. तूच काढलीस."

तो भिंतीवरचा नकाशा आठवत होता आणि मीही. मागून एका पोराने सांगितलं, शाळेत शिकलेलं, की नकाशात उत्तर नेहमी वर असते. टाकी दक्षिणेला आहे. म्हणजे लख्ख होती ती नाल्याकडची आळी, मावशीची, माझी. आणि ढगाखाली होती ती एक ते छत्तीस.

झेरॉक्सचा चेहरा कागदासारखा झाला. खुर्चीत मागे टेकला आणि स्वतःशीच, अगदी हळू बोलला, "मग दुसरा घ्यायला पाहिजे होता."

टेबलफॅन फिरत होता. त्याच्या आवाजात ते वाक्य हरवलं असतं तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं. पण मी दीड फुटावर होतो.

"कुठला दुसरा?" मी विचारलं.

त्याने फोटो ढगावर आणखी मोठा केला.

"झेरॉक्स. कुठला दुसरा?"

"दोन होते," तो म्हणाला. "एकात इकडे ढग, एकात तिकडे. पैसे एकापुरतेच जमणार होते. तुम्हाला सांगितलं असतं तर दोन्ही आळ्यांनी एकमेकांचे गळे धरले असते."

"म्हणून तू एकट्यानेच धरलास."

मी काय करणार होतो मला माहीत नाही. माझा हात वर गेला होता एवढं खरं. वहिनी कुठून तरी आत आली आणि आमच्यामध्ये उभी राहिली, पदराला हात पुसत. मावशीने माझ्या शर्टाला मागून धरलं. म्हणाली, "हात खाली घे. उद्या त्याच हाताने फोटो दाखवायचाय."

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी सुनावणीला गेलो. अधिकारी तरुण होता, भिंग घेऊन बसला. फोटोची तारीख तपासली, कंपनीचं पत्र तपासलं, मोजपट्टी लावून एकेक छप्पर मोजलं. नाल्याकडची पंचेचाळीस घरं त्याने मान्य केली. मग भिंग ढगावर नेलं आणि काढलं. "याच्या खाली काय आहे ते मी कसं सांगू?"

"घरं आहेत," मी म्हणालो.

"असतील. मला दिसत नाहीत." मग तो म्हणाला, "आठ दिवस देतो. ती तारीख शेवटची."

घरी येताना मी मावशीला बोललो ते लिहायला मला लाज वाटत नाही. मी म्हणालो, आपल्याला मिळालं, आता त्यांचं ते बघतील. ज्याने केलं त्याने निस्तरावं. त्याने आपला केसाने गळा कापायला घेतला होता, तो त्याचाच कापला गेला. मावशीने आधी बस येऊ दिली. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "त्याचं घर एक आहे. बाकी पस्तीस कोणाची?"

त्याच रात्री नाल्याकडच्या आळीने वर्गणी काढली. ज्यांना ढगाखाली घालायचं ठरलं होतं त्यांनी, ज्यांच्यासाठी ठरलं होतं त्यांच्यासाठी. मी कंपनीवालीला स्वतः फोन केला. ती म्हणाली, "सर, खातं त्यांच्या नावावर आहे. ऑर्डर त्यांच्याकडूनच यावी लागेल."

म्हणून मला परत त्या टपरीत जावं लागलं. त्याच्या शेजारच्या स्टुलावर, जिथे मी सहा वर्षं बसलो होतो. तो मेल उघडत होता, मी स्क्रीनकडे बघत होतो. वहिनीने चहा ठेवला. त्यावर साय धरली तरी मी हात लावला नाही.

ऑर्डरसाठी जुना मेल शोधावा लागला, फोटोचा नंबर त्यात होता. तो पटकन खाली सरकवत होता. मी म्हणालो, "थांब. वर घे."

माझं इंग्रजी माझ्या कायद्यासारखंच आहे, घरी शिकलेलं. मी बोट ठेवून हळूहळू वाचलं. मुलीने दोन छोटे धूसर फोटो जोडले होते. वस्तीभोवती पिवळी चौकट, बाकी ना रस्ता ना टाकी, नुसता धूर. खाली लिहिलं होतं, पहिल्यात चौकटीचा वरचा अर्धा भाग स्वच्छ आहे, दुसऱ्यात खालचा, कोणता राखून ठेवू. दोन्ही घेतले तर दुसऱ्यावर सवलत देऊ. खाली त्याचं उत्तर. एका ओळीचं.

पहिला राखून ठेवा. दुसऱ्याची गरज नाही.

मेल आला होता दोन वाजून चार मिनिटांनी. उत्तर गेलं होतं सव्वादोनला. अकरा मिनिटं. सहा वर्षांचे अर्ज, ट्रक, गोधडीतलं मशीन, माझ्या मुलाच्या ऑपरेशनचे कागद, जे त्याने हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून भरले होते. आणि अकरा मिनिटं. त्यातही बहुतेक मिनिटं टाइप करण्यात गेली असतील, तो एका बोटाने टाइप करतो.

त्याने मन बदलायला बघितलं असेल का, याचा मी खूप विचार केला. दीड महिना होता. रोज आम्ही भेटत होतो. वर्गणीची पावती तोच फाडत होता, मावशीच्याही हातात त्यानेच दिली. त्या पावतीने मावशी स्वतःच्या घरावरचा ढग विकत घेत होती, असं त्याला वाटत होतं, आणि त्याने ती कडांनी धरून, नीट, दोन्ही हातांनी दिली होती.

मी विचारलं, "एक खरं सांग. टाकी वर निघाली असती, तुझी आळी लख्ख आली असती, तर कधी बोलला असतास?"

त्याने चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. "नसतो बोललो," तो म्हणाला. "पोरगी आहे, नेते. परत ट्रकमध्ये बसवायची नव्हती."

"माझी पोरं काय विमानातून जाणार होती?"

त्याने ऑर्डर भरली. शेवटचं बटण दाबायच्या आधी स्क्रीन माझ्याकडे वळवली, मी वाचून घेतलं, आणि मान हलवली. इतकी वर्षं मी न वाचता मान हलवत आलो होतो.

दुसरा फोटो सहाव्या दिवशी आला. टाकीकडची आळी दिसली, झेरॉक्सचं सातवं घर, त्याच्या टपरीचं इवलंसं छप्परसुद्धा. ढग या वेळी नाल्याकडे होता. पण त्याचं एक शेपूट बोळ ओलांडून टाकीकडच्या आळीच्या टोकाला पोचलं होतं. छत्तीस नंबरवर. वस्तीच्या एक्क्याऐंशी घरांत दोन्ही फोटोंत न दिसलेलं घर एकच, वेल्डरचं.

अधिकाऱ्याने पस्तीस मान्य केली. वेल्डरसाठी त्याने दुसरा काही पुरावा मागितला. लाइटचं बिल, पोराचा शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, काहीही, तारखेच्या आधीचं, या पत्त्यावरचं. आम्ही दोन दिवस शोधलं. मिळालं नाही. दीड महिना असता तर मिळालं असतं. एखाद्या दुकानदाराकडे पत्र्याचं बिल, कुठल्यातरी रजिस्टरात नाव, मी अशा गोष्टी शोधून काढतो, तेच माझं काम आहे. ते दोन छोटे धूसर फोटो त्या पहिल्या दिवशी कमिटीसमोर ठेवले असते, तर भाच्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं असतं आणि मी शोधायला निघालो असतो.

वेल्डर मला काही बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता आलं असतं. वस्ती पाडली त्या दिवशी तो स्वतःचे पत्रे स्वतःच कापून काढत होता, गॉगल लावून. मी जवळ गेलो. त्याने ज्योत बंद केली आणि म्हणाला, "मी विचारलं होतं ना रे." आणि परत पेटवली.

आता आम्ही नव्या इमारतीत आहोत. झेरॉक्सला तळमजल्यावर खोली मिळाली, तिथेच त्याने मशीन लावलंय. लोक जातात त्याच्याकडे. म्हणतात, शेवटी सगळं झालं ना नीट, तूही सोड आता. ढगाला कोण शिव्या घालतं, असंही म्हणतात. मी चौथ्या मजल्यावरून उतरतो, त्याच्या दारावरून जातो आणि कॉपी काढायला पुढच्या चौकात जातो. तिथला मुलगा कागद मधेच दाबून धरतो, प्रत्येक कॉपीवर त्याचा अंगठा येतो. चालतं मला. प्लायवूडचा नकाशा माझ्याकडे आहे, रंगवलेली बाजू भिंतीकडे करून उभा केलाय.

वेल्डर शहराबाहेर भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचं अपील मी लढतोय. गेल्या आठवड्यात पत्र्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे वही सापडली, तारखेच्या चार महिने आधीची, 'टाकीजवळच्या वस्तीत पोच' असं लिहिलेलं. मी अर्ज तोंडाने मावशीला सांगितला. तिने म्हटलं, टाइप करून आणते. कुठून ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी तिने अर्ज माझ्यासमोर ठेवला. दोन प्रती, कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या. माझ्या शिव्या गाळलेल्या होत्या. शेवटच्या पानावर, वेल्डरच्या नावाखाली एक पेन्सिलची बारीक फुली, आणि त्याच्या खाली, प्रतिनिधी म्हणून माझी सही जिथे पाहिजे तिथे, दुसरी.

मावशी बघत होती. मी मुलाचा खोडरबर मागवला. माझी फुली पुसली, भुकटी फुंकून उडवली, कागदावर डाग राहिला नाही ना ते दिव्याकडे धरून बघितलं. वेल्डरची तशीच ठेवली, त्याला वाचता येत नाही.

मग सही केली. तिथेच, जिथे फुली होती.